पातळ रक्त आणि शेवग्याचा पाला

आधी माझ्या थोरल्या नणंदेचं सांगते. माझा नवरा आज दुकानात सराफाशी वाद घालताना ऐकू येतो, तो त्यांच्यामुळं. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं हे खरं, पण गोळी आणि आमचा स्वयंपाक यांची गाठ पडली तेव्हा हातातलं काम टाकून आल्या त्या वन्संच. हे पहिल्यांदाच लिहून ठेवते, कारण पुढं मी त्यांच्याविषयी जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल, ही बाई उपकार विसरणारी दिसते. मी उपकार विसरलेली नाही. पण जळते. दोन्ही एकदमच होतं, त्याला मी काय करू?

आम्ही मदुराईत राहतो. आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर गेलीत, त्यातलेच आम्ही. सराफाकडचं जुनं मोडीचं सोनं भट्टीत वितळवायचं, ॲसिडात घालून त्यातली भेसळ काढायची आणि चोख करून परत द्यायचं, हे आमचं काम. सासऱ्यांच्या हयातीत घरात मेंढरं होती. माझ्या नवऱ्यानं काठी सोडली आणि चिमटा धरला. माझं माहेर सातारा जिल्ह्यात, म्हसवडच्या अलीकडं. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि मी थेट या दुकानावरच्या खोलीत आले. तमिळ मला भाजीवालीपुरतं बोलता येतं, पाटी वाचता येत नाही. आम्हाला मूल नाही. खाली भट्टी, वर मी, आणि दोन्हीच्या मधे जिना चढणारा-उतरणारा तो एकच माणूस. ज्या बाईचं सगळं जग एकाच माणसात असतं तिला त्याच्यात वाटेकरी खपत नाही. मला कधीच खपला नाही.

त्याला जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा आम्ही ते ॲसिडच्या धुरावर ढकललं. मग एक दिवस तो मधल्या पायरीवरच बसला. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? नवरा माझ्याकडं बघायला लागला. मी कुठून सांगणार? माझ्याकडं आला तो मिशा फुटलेला आला. त्यानं तिथंच फोन लावला.

"आक्का, मला ल्हानपनी सांधं धरल्यालं का गं?"

"व्हय की!" फोनमधनं वन्संचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता. "गुडघं आसं टम्म सुजलं हुतं. पाठुंगळी घिऊन दवाखान्यात न्याची मी तुला. वाटंत भजी मागायचास."

आणि तो हसला. बोलताना धाप लागत होती, तरी हसला. डॉक्टर व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह करत त्या तापानं हृदयातली झडप खराब झाल्याचं नवऱ्याला समजावत होते आणि माझ्या मनात एकच घोळत होतं, याचं दुखणंसुद्धा आधी त्यांच्याकडं होतं, मग माझ्याकडं आलं.

ऑपरेशन सांगलीत झालं. हृदयातली खराब झडप काढून धातूची बसवली. तो गप्प पडून राहिला की अंगातून बारीक टिकटिक यायची. मला ती ऐकून बरं वाटायचं, कारण ती ऐकायला जितकं जवळ बसावं लागतं तितकं जवळ फक्त मीच बसत होते.

घरी सोडायच्या दिवशी नर्स बाहेर आली आणि म्हणाली, नातेवाइकांपैकी एक जण आत या, डॉक्टर समजावून सांगतील. मी उठले. पण माझ्या हातात पिशव्या होत्या, थर्मास होता, आणि मी ते खाली ठेवीपर्यंत वन्सं चष्मा लावून दारात पोचल्यासुद्धा. मागं वळून म्हणाल्या, "तू सामानाकडं बघ गं." मी सामानाकडं बघत बसले. नवरा माझा, कुंकू माझं, आणि मी थर्मास राखत बसले होते.

बाहेर आल्यावर त्यांनी मला चालता चालता सांगितलं, "आता जलमभर गोळी हाय. रक्त पातळ ठिवायची. आन पालेभाजी जपून द्याची म्हनालं."

"पातळ?"

"व्हय. रक्त पातळच ऱ्हायलं पायजे म्हनत्यात."

"आवं वन्सं, पातळ झाल्यावर मानूस चालंल कसं?"

"डाक्टरला तुज्यापरास कळतं म्हनून तो डाक्टर हाय," असं म्हणून त्या रिक्षा बघायला पुढं गेल्या. आतलं सगळं दोन-तीन वाक्यांत मला मिळालं. त्यातले दोन शब्द पुढं आमच्या अंगावर आले.

पहिला 'पातळ'. आमच्याकडं बाळंतीण पांढरी पडली, पोरीला चक्कर आली, की एखादी जाणती बाई डोळ्याची खालची पापणी ओढून बघते आणि म्हणते, रक्त पातळ झालंय हिचं. रक्त पातळ म्हणजे अंगात जीव नाही. मग तिला शेवग्याचा पाला, बीट, खजूर, हिरवं-लाल जे हाताला लागेल ते खायला घालतात, गालावर रंग येईपर्यंत. आणि दुसरा शब्द 'जपून'. शहरातला माणूस जपून म्हणतो तेव्हा त्याला 'बेतानं' म्हणायचं असतं. आमच्याकडं म्हाताऱ्याला औषध जपून द्या म्हणतात, म्हणजे चुकवू नका, आठवणीनं द्या.

पण हे घडलं नंतर. आधी आम्ही काही आठवडे सांगलीतच, विश्रामबागेत वन्संकडं राहिलो, कारण रक्ताची तपासणी सारखी करायची होती आणि आटपाडीहून ते जमलं नसतं. वन्सं कॉलेजच्या पोरांना जेवणाचे डबे देतात. ओटा लांबलचक, शेगड्या दोन, आणि मला त्या स्वयंपाकघरात जागा म्हणून नाही. मी भांडी विसळायची, कोथिंबीर निवडायची. पोरांच्या डब्याला रोज एक पालेभाजी ठरलेली असायची, त्यातलीच वाटीभर भावाच्या ताटात यायची. कधी वाटीच्या वर नाही, कधी खाली नाही. मला वाटायचं, काय ही चिक्कू बाई, सख्ख्या भावाला मापानं वाढते! तपासण्या तेव्हा ठीक येत होत्या. त्याचा आणि त्या वाटीचा काही संबंध असेल हे ना मला ठाऊक, ना त्यांना. त्यांच्या घरात सवयीनंच सगळं मोजकं होतं.

जेवायला बसल्यावर माझं पोट आधी भरायचं ते रागानं. त्या त्याला भाकरी कुस्करून द्यायच्या. एवढा बाप्या, पण ताट पुढं सरकवून द्यायचा. एकदा म्हणाला, "आक्काच्या हातची आमटी म्हंजी आमटीच, गड्या."

मी म्हटलं, "मग इतकी वर्सं मदुराईत काय चिखल खात हुता काय?"

"आगं, तुजी बी चांगली असती. पर ही ल्हानपनीची हाय."

"भांडू नगासा," वन्सं वाढता वाढता म्हणाल्या, "ती बी शिकंल हळूहळू."

शिकंल! केस पिकायला लागले होते माझे.

गावी निघालो तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. आता माझी चूल, माझं ताट. गावात सासूबाई एकट्याच असतात. त्यांना मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं तसं त्यांनी तोंडावर पदर घेतला.

"आगं बया! छाती कापली ती कापली, आन वर रक्त पातळ करायची गोळी? लेकाच्या अंगात ऱ्हाईल काय?"

"म्हनून तर पालेभाजी जपून द्याची म्हनालं आत्याबाई."

"मग बराबर हाय. डाक्टर गुणाचा दिसतोय. गोळीनं जातंय ते भाजीनं भरून काडायचं."

आम्हा दोघींना ते इतकं पटलं! एका हातानं घेतात, दुसऱ्या हातानं देतात, सरळ हिशेब. परड्यात शेवग्याचं झाड होतंच. त्याचा पाला मूगडाळ घालून, लसणाची फोडणी देऊन रोज ताटभर. बाजरीच्या भाकरीत मेथी. बांधावरचा तांदुळसा. माझ्या माहेरी कळलं तेव्हा भाऊ म्हसवडकडनं मोटरसायकलवर पालक आणि राजगिऱ्याच्या पेंढ्या बांधून आला आणि म्हणाला, "दाजी, आता अंगात रक्त भरून काडा, मग बघू कोन पातळ करतंय!" दोन जिल्हे मिळून एका माणसाला खाऊ घालत होते. गोळीही वेळेवर चालू होती. आम्ही एकसुद्धा चुकवली नाही.

आणि त्याला रंग आला. चेहरा भरला, चाल सुधारली. एके दिवशी शेवग्याची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि म्हणाला, "ही आक्काला शिकीव की. तिला आशी येत न्हाई."

मी किती वर्षं त्या वाक्याची वाट बघितली होती ते मलाच माहीत. तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यात होती, फोन करायचं काही कारण नव्हतं. तरी मी फोन केला. वन्संना ऐकवायला केला, दुसरं काही नाही.

"वन्सं, आता लय बरं हाय बघा. त्वांड कसं लालबुंद झालंय. शेवग्याची भाजी ताटभर खात्यात, आन वर मागत्यात."

पलीकडं भांड्यांचा आवाज चालू होता. तो थांबला.

"ताटभर? रोज?"

"रोज. मेथी, पालक ते निराळंच."

"आगं, म्या जपून म्हटलं हुतं की गं!"

"मग जपूनच देती की. एक दिस चुकवला न्हाई."

पलीकडं शेगडी बंद केल्याचा आवाज आला. मला वाटलं, लागलं मनाला! भाऊ दुसरीच्या हातचं मागून खातो, हे लागलं. मग त्या एकदम म्हणाल्या, "ठेव फोन. आज त्याला भाजी देऊ नगंस. मी येती." मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "तुमच्या आक्काला दम धरवंना. आता फोनवरनं सैपाक करनार हुत्या, तर जातीनंच यायला लागल्यात."

त्या दिवशी पोरांच्या डब्यांचं काय केलं त्यांनी, देव जाणे. कवठे महांकाळपर्यंत एसटी, तिथून पुढं दोन वडाप बदलत आल्या. माणसं कोंबलेल्या जीपमधनं उतरल्या तेव्हा साडीची एक बाजू धुळीनं पांढरी झाली होती. पाणी पुढं केलं तर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"कापडं घाल रं. सांगलीला जायचंय."

"आगं आक्का, मी काय आजारी हाय का? बघ की, कसा झालोय."

"तेच बघून भ्या वाटाय लागलंय. चल."

"आल्या आल्या काय गं तुजं!" सासूबाई म्हणाल्या. "लेकाला खाऊ घालाय बी बंदी का आता?"

"आये, मला धड सांगता येत न्हाई बग. पर डाक्टर भाजीचं नाव घिऊन सांगत हुता, आन सांगताना हासत नव्हता. म्या घाईत ऐकलं. एवढंच ध्यानात हाय."

म्हणजे त्यांनाही नीट माहीत नव्हतं. त्या केवळ भीतीनं आल्या होत्या. हे मला जीपमध्ये बसल्यावर कळलं आणि मग मला पण भीती वाटायला लागली.

रक्त तपासलं तर गोळी घेतच नाही असं आलं. गोळीनं जे करायचं ते आमच्या भाजीनं पुसून टाकलं होतं. लगेच छातीची सोनोग्राफी केली. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी बसली असती तर झडप जागच्या जागी अडकली असती, किंवा गुठळी सुटून मेंदूत गेली असती. यावेळीही आत वन्संच गेल्या आणि मी बाहेर बाकावर. आरेवाडीच्या बिरोबाला मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. बिरोबाशी बोलता बोलता मनात एक कोपरा तेव्हाही म्हणत होता, बघ, आतही त्याच आहेत. इतकी भीती वाटत असताना असूया जागा सोडत नाही, हे मला त्या बाकावर समजलं.

गुठळी नव्हती. झडप नीट हलत होती. काही दिवस पोटात इंजेक्शनं, गोळीचं प्रमाण बदललं, आणि आम्ही परत विश्रामबागेत.

इथं गोष्ट संपली असती तर वन्सं शहाण्या आणि आम्ही खुळ्या, असं झालं असतं. पण तसं झालं नाही. वन्संनी मनाला इतकं लावून घेतलं की घरातून हिरवा रंगच हद्दपार केला. भावाच्या ताटात पालेभाजी नाही, आमटीवर कोथिंबीर नाही. पोरांच्या डब्यातली मेथी त्याच्या नजरेआड करायच्या. वर मोबाइलवर कुणाचं तरी बोलणं ऐकलं की हळदीनं आणि लसणानं रक्त पातळ राहतं. झालं! सांगलीच्या बाईला हळदीचं कौतुक सांगायला मोबाइल कशाला पाहिजे? सकाळी उपाशीपोटी कच्चा लसूण, दुपारी कोमट पाण्यात चमचाभर हळद, जेवणानंतर दुधात हळद.

"आवं वन्सं, येवडी हळद?"

"आगं, हळद कवा वाईट असती का? देवाला लावतो, नवऱ्या पोराला लावतो. झाडाचं हाय, केमिकल न्हाई."

शेवग्याच्या पाल्यानंतर त्या घरात माझ्या बोलण्याला वजन नव्हतं. मी खरंच जळत होते तेव्हा. त्यांनी भावाला वाचवलं होतं, आता त्याला कायमचं वाचवत राहणार होत्या, आणि मी निवडत होते ती कोथिंबीरसुद्धा बंद झाली होती.

पण एक गोष्ट माझ्याकडं होती, ती त्यांच्याकडं नव्हती. अंघोळीनंतर त्याची पाठ मी पुसते. लहानपण त्यांच्याकडं असेल, पाठुंगळी त्यांनी घेतलं असेल, पण आताचं अंग माझ्या ओळखीचं आहे. त्या दिवशी टॉवेल फिरवताना दंडाच्या मागं जांभळा डाग दिसला, तळहाताएवढा.

"ह्ये कशानं?"

"काय म्हाईत. दाराला घासलं आसंल."

दाराला घासून असं होत नाही. मी त्याला तोंड उघडायला लावलं. हिरड्यांच्या कडा लाल, दात घासल्यावर थुंकीत रक्त येतं हे त्यानं सांगितलंच नव्हतं. म्हणाला, आक्काला कशाला घोर? मी त्याला तसंच हात धरून ओट्यापाशी नेलं आणि दंड वन्संच्या पुढं केला.

त्यांच्या हातातली पळी पातेल्यात पडली. हे बघून मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी त्याची वाटच बघत असल्यासारखी इतके दिवस राहिले होते. पण त्यांचा चेहरा बघवेना. तो चेहरा मी ओळखला, कारण मागच्या वेळी बाकावर बसले होते तेव्हा माझा तसाच असणार.

"आता गं?" एवढंच म्हणाल्या.

दवाखान्यात गेलो. रक्त आता नको तितकं पातळ झालं होतं, म्हणजे गोठायचंच विसरलं होतं. नर्स नेहमीप्रमाणे बाहेर आली, एक जण आत या म्हणाली. वन्सं सवयीनं उठल्या. चष्म्याची डबी उघडली. मग डबी मिटली आणि परत खाली बसल्या.

"तू जा."

"मी? आवं, मला काय कळनार त्यातलं? सातवी शिकलेली मी."

"मी धाव्वी शिकून काय दिवं लावलं? जा म्हनती ना. त्याला जलमभर तुज्याच ताटात जेवायचंय. माज्या तोंडनं किती दिस ऐकनार हाईस?"

मी आत गेले. डॉक्टर तरुण होते. मला आधी त्यांच्या टेबलावरच्या काचेत माझाच चेहरा दिसला आणि वाटलं, पळून जावं. पण गेल्या कित्येक दिवसांत जे कुणाला विचारता आलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं, "डाक्टरसाहेब, रक्त पातळ म्हंजी अशक्त न्हवं का?"

ते आधी हसले. मग हसायचे थांबले आणि खुर्ची पुढं ओढली. म्हणाले, ही चूक तुमची नाही, आम्हीच 'पातळ' म्हणत सुटलोय. तुमचं जे पातळ आहे ते अंगातलं रक्त कमी होणं. ते वेगळं. या गोळीनं रक्त कमी होत नाही, त्यात पाणीही वाढत नाही. फक्त ते गोठायला उशीर लागतो. हिरव्या पाल्यात 'के' नावाचं जीवनसत्त्व असतं, रक्त गोठायला तेच लागतं, आणि गोळी नेमकं त्याचंच काम अडवते. तुम्ही ताटभर पाला घातलात, तर पाला जिंकला. मग पाला बंद केलात, तर गोळी मोकाट सुटली. वर चमच्या-चमच्यानं हळद आणि लसूण, म्हणजे तिला आणखी साथीदार मिळाले.

"मग भाजी वाईट का चांगली?"

"चांगलीच. कुणी सांगितलं वाईट? फक्त रोज एकाच मापानं द्या, म्हणजे मला गोळी त्या मापाला बसवता येते. फोडणीतली हळद चालू दे, लसूण चालू दे. औषध म्हणून मनानं काही नको. कुणी काहीही सांगितलं, काढा, रस, पावडर, तरी आधी मला विचारायचं."

मी बाहेर आले. वन्सं बाकाच्या टोकाला बसलेल्या, हातात पिशव्या घट्ट धरून. नवरा शेजारी पेंगत होता.

"काय म्हनालं गं?"

मला डॉक्टरांसारखं सांगता येणार नव्हतं. मी म्हटलं, "वन्सं, दूध हाय आसं समजा. गोळी दुधात पानी न्हाई घालत. ती फकस्त इरजण लागू देत न्हाई. आन पालेभाजी म्हंजी इरजण. आपन आधी मगाभर इरजण घातलं, मग अजिबात न्हाई."

त्यांनी ते दोनदा मनात म्हटलं असावं, ओठ हलत होते. "आसं व्हय!" म्हणाल्या. "आसं तर मला कुनी सांगितलंच न्हाई." आणि मग माझ्याकडं न बघता, "तुला बरं इचारता आलं. मला लाज वाटली हुती इचारायची. चष्मा लावलाय म्हटल्यावर समद्यांना वाटतंय, हिला समजलं."

रक्त गोठायच्या तपासणीचा आकडा जागेवर आला आणि आम्ही मदुराईत परतलो. इथं तर शेवग्याचा पाला दारोदार येतो, भाजीवाली टोपली उतरून बसते आणि माझ्या मापावर हसते. नवऱ्याला कंटाळा येतो, सण असला की म्हणतो, आज थोडी जास्त वाढ की. मी वाढत नाही. दुकानात येणारा प्रत्येक जण उपाय सांगतो. कुणी गुळवेलीचा काढा सांगतो, कुणी गव्हांकुराचा रस, कुणी आल्याचा अर्क. वर म्हणतात, नैसर्गिक आहे वहिनी, त्याला काय अपाय? मी म्हणते, शेवगा पण नैसर्गिकच होता. तपासणीला रक्त द्यायला जायचं त्या दिवशी आकडा बरोबर आला असं कळेपर्यंत मी जेवायला बसत नाही.

आणि आकडा कळल्यावर तो पहिला फोन कुणाला करतो? मी शेजारी उभी असते. रक्त काढताना कापूस मी धरलेला असतो. तरी हा फोन लावणार आणि म्हणणार, "आक्का, बराबर आला गं." पलीकडून त्या काहीतरी म्हणतात, आणि हा तसा हसतो, जसा माझ्याशी बोलताना कधी हसत नाही. मी आत जाऊन भांडी आपटते. इतकं सगळं होऊनही आपटते. त्यांनी त्या दिवशी वडाप धरली नसती तर ते आपटणं ऐकायला कुणी उरलं नसतं, हे मला पक्कं माहीत आहे. हातातलं भांडं खाली ठेवताना मी ते मनात म्हणतेही. दुसऱ्या दिवशी परत आपटते.

मागच्या फोनला त्यांच्या शेजारच्या बाईकडून कळलं की वन्संचे गुडघे पार गेलेत. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय आणि त्या डब्यांचं काय होईल म्हणून पुढं ढकलत आहेत. भावाला अजून बोललेल्या नाहीत. मी पण बोललेली नाही. पण माझं ठरलं आहे. त्या ऑपरेशनला तयार होतील तेव्हा मी विश्रामबागेत जाणार. नवऱ्याला इथं एकटं ठेवून जाणार, ज्याला मी एक दिवससुद्धा कुणाच्या हाती देत नाही त्याला. तो भाजी मोजून घेईल का, गोळी विसरेल का, या विचारानं तिथं मला झोप लागणार नाही, तरी जाणार. पोरांचे डबे मी भरीन, वन्संना धरून चालवीन, आणि त्या पहिल्यासारख्या जिना चढेपर्यंत हलणार नाही. वन्सं, माझं तुमच्याशी कधी पटलं नाही आणि पुढंही पटेल असं वाटत नाही. पण तुमचं हे मी एक दिवस फेडणार.